शताब्दी स्मरणिकेसाठी ‘एडिटर’ हवा आहे: नेमका कोणता माणूस आणि कोणते सॉफ्टवेअर?

तालुका_ग्रंथपाल

नमस्कार. आमच्या गावातील सार्वजनिक वाचनालय लवकरच शंभर वर्षे पूर्ण करत असून त्यानिमित्त स्मरणिका काढण्याचा ठराव कार्यकारिणीने केला आहे. चाळीसेक लेख येतील असा अंदाज आहे. त्यांतील काही हाताने लिहिलेले आहेत, काही व्हॉट्सॲपवर टंकून आलेले आहेत, आणि काही अमृतमहोत्सवी अंकासाठी श्रीलिपी या जुन्या फाँट-प्रणालीत जुळवलेल्या फाइलींमध्ये आहेत. याखेरीज संस्थेची सुरुवातीची इतिवृत्ते मोडीत असून त्यांतील निवडक पाने छापावीत अशी सर्वांची इच्छा आहे. एक छोटा माहितीपटही करायचे घाटत आहे.

ठरावात मात्र ‘अनुभवी संपादक नेमावा व संपादनासाठी योग्य ते सॉफ्टवेअर घ्यावे’ एवढेच वाक्य आहे. अध्यक्षांना मुखपृष्ठावर वजन पडेल असे नाव हवे आहे, चिटणिसांना शुद्धलेखन पाहणारी व्यक्ती हवी आहे, आणि छपाईची जबाबदारी असलेल्या सदस्यांच्या मते पाने लावणाऱ्या मुलालाच सर्व काही येते. सॉफ्टवेअरबाबतही एकमत नाही. एक जण वर्ड म्हणतो, दुसरा इनडिझाइन, तर माझा संगणक अभियंता असलेला भाचा साध्या टेक्स्ट एडिटरखेरीज कशालाही हात लावू नका असे बजावतो. संपादक किती प्रकारचे असतात, त्यांपैकी आम्हाला कोण लागतील आणि कोणते काम कोणत्या साधनात करावे, हे जाणकारांनी सांगितल्यास समितीपुढे मांडता येईल.

शाईपेन

पुस्तक-प्रकाशनात बरीच वर्षे काढली असल्यामुळे माणसांपुरते उत्तर देतो. तुमच्या समितीतील तिघेही आपापल्या जागी बरोबर आहेत, कारण तिघे तीन वेगळ्या कामांविषयी बोलत आहेत आणि लहान संस्थांत ती तिन्ही कामे बहुधा एकाच माणसाच्या गळ्यात पडतात.

पहिले काम अंकाच्या आखणीचे. कोणाकडून काय लिहून घ्यायचे, दहा जणांनी ‘आमच्या वेळचे वाचनालय’ याच विषयावर लिहिले तर त्यांतील कोणते दोन लेख ठेवायचे, आणि कोणाला ‘पुन्हा लिहून द्या’ असे सांगायचे, हे ज्याने ठरवायचे तो संपादक. मराठीत या कामाची उंची ‘सत्यकथा’ मासिकाच्या श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी दाखवून दिली. लेखकाशी चर्चा आणि पत्रव्यवहार करून लेखन कोठे सैल पडले आहे हे त्याच्या लक्षात आणून द्यायचे, दुरुस्ती मात्र त्याच्याच हातून करून घ्यायची, अशी ती रीत होती. या अधिकाराला दुसरी बाजूही आहेच. १९६९ मध्ये लघुनियतकालिकांच्या चळवळीतील तरुणांनी ‘सत्यकथे’च्या अंकाची होळी केली, तिच्यामागे संपादकाची अभिरुची हीच वाङ्मयाची कसोटी ठरते हा राग होता. तुमच्या गावात होळी होणार नाही. परंतु एखाद्या माजी अध्यक्षांचा लेख परत पाठवायची वेळ आली, तर ज्याचा शब्द गावात चालतो असाच माणूस लागेल. म्हणून अध्यक्षांच्या सूचनेत तथ्य आहे, फक्त त्या वजनदार व्यक्तीने नाव देण्याबरोबर लेखही वाचले पाहिजेत.

दुसरे काम भाषासंपादनाचे, आणि वेळ सर्वाधिक येथेच जातो. लांबलेली वाक्ये आवरणे, पुनरुक्ती काढणे, याहीपेक्षा तपशिलांचा मेळ बसवणे हे या माणसाचे खरे काम आहे. एका लेखात वाचनालयाची इमारत एका साली उभी राहील आणि दुसऱ्या लेखात त्यानंतर दोन वर्षांनी. संस्थापकांचे आडनाव तीन तऱ्हांनी लिहिलेले असेल. देणगीची रक्कम प्रत्येक आठवणीगणिक वाढत जाईल. हे सर्व इतिवृत्ताशी आणि जमाखर्चाच्या वह्यांशी ताडून पाहावे लागते.

तिसरा तो मुद्रितशोधक. पाने लागल्यानंतरचे मुद्रित (प्रूफ) त्याने वाचायचे असते. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १८ नियम (त्यांतील १४ हे १९६२ सालचे आणि ४ हे १९७२ सालचे) त्याला पाठ असावेत, हे खरेच; परंतु छायाचित्राखालील नावांचा क्रम उलटा झाला आहे, शीर्षक पानाच्या तळाशी राहून लेख पुढच्या पानावर गेला आहे, असल्या गोष्टीही त्यालाच दिसायला हव्यात. भाषासंपादन आणि मुद्रितशोधन ही कामे एकाच व्यक्तीला देऊ नका. ज्याने लेख चार वेळा वाचला आहे त्याला ‘आचाऱ्यांनी’च्या जागी ‘आचार्यांनी’ पडलेले पाचव्या वेळी दिसत नाही. संगणकावरचा शुद्धलेखन तपासनीसही तेथे गप्प बसतो, कारण दोन्ही शब्द बरोबर आहेत, आणि मग वर्धापनदिनाच्या पंगतीचा स्वयंपाक आचार्य करू लागतात.

जुनी_पोथी

मोडी इतिवृत्तांच्या बाबतीत मात्र वरील तिघांपैकी कोणीही उपयोगी पडणार नाही, आणि भाषासंपादकाच्या हाती तर ती जाऊच देऊ नयेत, असे मी आग्रहाने सांगेन. तेथे पाठसंपादन जाणणारा माणूस लागतो. इतर संपादक मजकूर सुधारण्यासाठी बसलेले असतात. याने मजकूर आहे तसा वाचकापुढे ठेवायचा असतो, आणि जेथे त्याला निर्णय घ्यावाच लागतो तेथे तो निर्णय वाचकाला दिसेल अशी सोय करायची असते.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती हा या शिस्तीचा आपल्याकडील सर्वांत मोठा नमुना होय. १९१९ मध्ये हे काम सुरू झाले, १९२५ पासून विष्णु सीताराम सुकथनकर त्याचे प्रमुख संपादक झाले, आणि १९६६ मध्ये १९ खंडांचे ते काम पुरे झाले. तोवर सुकथनकरांच्या निधनालाही दोन दशके उलटून गेली होती. काश्मीरच्या शारदा लिपीतील पोथ्यांपासून दक्षिणेतील मल्याळम लिपीतील पोथ्यांपर्यंत शेकडो हस्तलिखिते ताडून पाहिली गेली. त्या आवृत्तीचे कोणतेही पान उघडून पाहावे: वर स्वीकारलेला पाठ, खाली कोणत्या पोथीत काय आहे याची बारीक टाइपातील नोंद, आणि जो शब्द संपादकांना पुरेसा खात्रीचा वाटला नाही त्याच्याखाली नागमोडी रेघ. व्यास सांगत आहेत आणि गणपती लिहून घेत आहेत ही घराघरांत ठाऊक असलेली कथा मूळ संहितेतली नाही असा निष्कर्ष निघाला, तेव्हा ती मुख्य पाठातून काढली गेली. परंतु ती फेकून न देता परिशिष्टात छापली गेली, म्हणजे संपादकांशी ज्याला वाद घालायचा आहे त्याच्या हाती सर्व साहित्य राहिले.

याउलट आपल्या भाषेतील सर्वांत प्रसिद्ध पाठशुद्धी पाहा. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि पुढे कोणी तीत आपली ओवी घालू नये अशी कडक ताकीदही दिली. त्या काळाच्या मानाने ते काम थोरच होते. मात्र त्यांच्यासमोर कोणत्या पोथ्या होत्या आणि त्यांतले काय त्यांनी गाळले, याची नोंद आपल्यापर्यंत आलेली नाही. त्यामुळे १९०९ मध्ये वि. का. राजवाड्यांनी बीडच्या पाटांगणातून मिळालेली पोथी एकनाथपूर्व म्हणून छापली, तेव्हा अभ्यासकांत मोठा वाद माजला.

तुमच्या इतिवृत्तांपुरते सांगायचे तर मोडीत शब्द सुटे लिहिलेले नसतात आणि ऱ्हस्वदीर्घाचा भेदही सहसा पाळलेला नसतो. त्यामुळे बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, उतरवताना शब्द कोठे तोडायचा आणि वेलांटी कोणती द्यायची, हे प्रत्येक ओळीत लिप्यंतरकारच ठरवत असतो. म्हणून निवडलेल्या पानांची छायाचित्रे लिप्यंतराच्या समोरच्या पानावर छापा, न लागलेला शब्द चौकटी कंसात प्रश्नचिन्हासह ठेवा, आणि नंतरच्या बाळबोध इतिवृत्तांत ‘कांहीं’, ‘नाहीं’ असे अनुस्वार आढळले तर ते आजच्या नियमांप्रमाणे ‘सुधारू’ नका.

कळफलक

भाच्याची बाजू घेतो, पण अर्धीच.

टेक्स्ट एडिटर आणि वर्ड प्रोसेसर यांतील फरक दिसण्याचा नाही, साठवण्याचा आहे. नोटपॅड, नोटपॅड प्लस प्लस, व्हीएस कोड, व्हिम, ईमॅक्स यांसारखे एडिटर फाइलीत अक्षरांखेरीज काहीही ठेवत नाहीत. ठळक ठसा, रंग, समास यांपैकी कशाचीही तेथे नोंद नसते. ही परंपरा जुनी आहे. केन थॉम्प्सन यांनी १९६९ च्या सुमारास युनिक्ससाठी लिहिलेला ‘ईडी’ हा ओळ-संपादक कागदावर छापणाऱ्या टेलिटाइप यंत्रांसाठी होता, त्यामुळे तो मागितल्याशिवाय एकही ओळ दाखवत नसे आणि चूक झाली तर केवळ प्रश्नचिन्ह उमटवून थांबत असे. पडदे आले तेव्हा १९७६ मध्ये बिल जॉय यांनी ‘व्हीआय’ केला, ज्यात पूर्ण पान समोर ठेवून त्यात हिंडता येऊ लागले. ब्रॅम मूलेनार यांचा व्हिम त्याचाच १९९१ मधील वारस. मात्र व्हिमसारखे एडिटर टर्मिनलमध्ये, म्हणजे फक्त आज्ञा टंकायच्या काळ्या पडद्यावर, उघडले तर देवनागरी जोडाक्षरे बऱ्याचदा विस्कटलेली दिसतात, तेव्हा मराठी मजकुरासाठी खिडकीवाला एडिटरच घ्या.

तुमच्याकडे टेक्स्ट एडिटरचे खरे काम आहे ते शोध आणि सफाईचे. व्हॉट्सॲपवरून आलेल्या लेखांत तुम्हाला ‘स्वत:’, ‘विशेषत:’ असे शब्द भेटतील ज्यांत विसर्गाच्या जागी इंग्रजी अपूर्णविराम टंकलेला असतो. डोळ्यांना दोन्ही जवळपास सारखे दिसतात, संगणकाला मात्र नाही. ‘स्वतः’ शोधले की हे सापडत नाहीत आणि पाने लावताना ते चिन्ह शब्दापासून तुटून पुढच्या ओळीत जाऊ शकते. हीच गत ‘ॲ’ची: एक जण ते एकसंध अक्षर म्हणून टंकतो आणि दुसरा ‘अ’ला वर चंद्र जोडतो. दिसायला एकच असलेली ही दोन वेगळी चिन्हे असल्यामुळे ‘ॲडव्होकेट’चा शोध अर्धाच लागतो. असे बदल टेक्स्ट एडिटरमध्ये सर्व फाइलींत एकदम करता येतात, तरी ‘सर्व बदला’ हे बटण आंधळेपणाने दाबू नका, कारण ‘अध्यक्ष:’ किंवा ‘वेळ:’ यांपुढचा अपूर्णविराम खराच अपूर्णविराम असतो आणि तुमच्या कृपेने त्याचाही विसर्ग होईल.

श्रीलिपीच्या फाइली हा स्वतंत्र विषय आहे. त्या काळच्या फाँटमध्ये फाइलीत रोमन अक्षरांचे आणि चिन्हांचे क्रमांक साठवले जात आणि देवनागरी ही केवळ त्यांवर चढवलेली चित्रे असत. तो फाँट नसलेल्या यंत्रावर फाइल उघडली की निरर्थक चिन्हांची रांग दिसते. प्रथम त्या युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या आजच्या पद्धतीत, परिवर्तित करून घ्या आणि परिवर्तनानंतर दोन जागा माणसाच्या डोळ्यांनी तपासा. ऱ्हस्व वेलांटी जुन्या फाँटमध्ये अक्षराच्या आधी साठवलेली असे आणि युनिकोडमध्ये ती नंतर येते. रफाराचे बरोबर उलट: पूर्वी तो अक्षरानंतर असे, आता आधी. त्यामुळे ‘निर्मिती’सारख्या शब्दात, जेथे दोन्ही एकत्र येतात, परिवर्तक हमखास अडखळतो.

सफाई झाली की मजकूर वर्ड किंवा लिब्रेऑफिस रायटरमध्ये न्या आणि तेथे ‘ट्रॅक चेंजेस’ पहिल्या मिनिटापासून चालू ठेवा. भाषासंपादकाने काय खोडले आणि काय घातले हे लेखकाला रंगीत अक्षरांत दिसते, एकेक बदल स्वीकारता किंवा नाकारता येतो. साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये ही सोय सहसा नसते, म्हणून भाच्याची बाजू अर्धीच घेतली. मराठी विकिपीडियावर कोणीही पाहुणा येऊन लेख बदलू शकतो, तरी तो डोलारा उभा राहतो, यामागेही हेच आहे: प्रत्येक लेखाच्या ‘इतिहास’ पानावर आधीची प्रत्येक आवृत्ती जशीच्या तशी असते आणि बिघडवलेले पूर्ववत करता येते.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांना लेख देऊन ‘सुधारून दे’ म्हणण्याचा मोह समितीतील कोणाला तरी होणारच. त्यांची अडचण अशी, की ती न सांगता गावरान शब्द काढून गुळगुळीत शब्द घालतात, क्वचित सालही बदलतात. वापरायचीच असतील तर आलेला मजकूर वर्डमधील ‘कंपेअर’ या सोयीने मूळ लेखाशी ताडून पाहा, म्हणजे काय बदलले ते उघड होईल.

इनडिझाइन हे पाने लावण्याचे साधन असून तेथे मजकूर शेवटच्या टप्प्यावर जावा. परिच्छेदाला ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ (देवनागरीसारख्या लिप्या नीट जुळवणारी सोय) लावला आहे ना, एवढे पाने लावणाऱ्याला विचारा. नसेल तर वेलांट्या आणि जोडाक्षरे जागा सोडतात. पाने लावायला घेतल्यावर कोणी वर्डमधील प्रतही ‘जरा सुधारली’, तर दोन वेगळ्या प्रती तयार होतात आणि त्यांचा मेळ पुढे कोणालाही घालता येत नाही.

रात्रपाळी

निवृत्त उपसंपादक आहे. शाईपेन यांनी सांगितलेली लेखकाकडूनच दुरुस्ती करून घेण्याची रीत आदरणीय आहे, पण चाळीस लेखक, त्यांतील निम्मे ज्येष्ठ नागरिक, आणि प्रकाशनासाठी पाहुण्यांची तारीख आधीच घेतलेली, अशा परिस्थितीत ती चालणार नाही. वृत्तपत्राच्या टेबलावर आम्ही वार्ताहराला प्रत्येक वाक्यासाठी विचारत बसलो असतो तर अंक निघालाच नसता. बातमीत महत्त्वाचे ते वर आणि कमी महत्त्वाचे ते खाली असते, म्हणून जागा कमी पडली की उपसंपादक शेवटचा परिच्छेद उडवतो. हे मात्र तुम्ही आठवणींच्या लेखांना करू नका, कारण तेथे लेखकाने मनातले सांगणे शेवटासाठी राखून ठेवलेले असते.

आमच्याकडून घेण्यासारखी गोष्ट म्हणजे लेखनसंकेतांची एक पानी यादी. संस्थेचे नाव पूर्ण कसे लिहायचे, मृत व्यक्तींच्या नावामागे ‘कै.’ लावायचे की नाही, आकडे देवनागरीत की रोमन, पदव्या नावाआधी की नंतर, हे संपादकाने पहिल्याच दिवशी ठरवून लेखकांना कळवावे. यादीतील बदल न विचारता करायचे आणि यादीबाहेरचा प्रत्येक बदल विचारूनच करायचा, असा करार ठेवला तर शाईपेन यांचेही समाधान होईल.

संपादक या पदाला कायद्याचीही बाजू आहे, तिकडे समितीचे लक्ष वेधा. वृत्तपत्राच्या शेवटच्या पानावर तळाशी बारीक अक्षरांत संपादकाचे नाव आणि त्यापुढे बातम्यांच्या निवडीची जबाबदारी त्याची असल्याची ओळ छापलेली असते. ती १८६७ च्या मुद्रण व पुस्तक नोंदणी कायद्यापासून चालत आली आणि आता त्या कायद्याची जागा २०२३ च्या नियतकालिकांविषयीच्या कायद्याने घेतली आहे. तुमची स्मरणिका एकदाच निघणार असल्याने नियतकालिकाच्या नोंदणीचा प्रश्न येत नाही. तरीही एखाद्या लेखात जुन्या निवडणुकीतील भांडण उकरून कोणाची बदनामी झाली, तर ‘लेखकांच्या मतांशी संपादक सहमत असतीलच असे नाही’ ही छापील ओळ ढाल म्हणून पुरत नाही. असे लेख ओळखून बाजूला काढणे हेही संपादकाचेच काम आहे, आणि ते पाने लावणाऱ्या मुलावर सोडता येणार नाही.

स्टीनबेक

माहितीपटाविषयी कोणीच बोलले नाही म्हणून थोडक्यात लिहितो. तेथे संकलक, म्हणजे चित्रपटाचा एडिटर, हवा, आणि तो चित्रीकरण संपल्यावर शोधू नका. काय टिपायचे हे ठरत असतानाच त्याला बसवा, नाहीतर बोलणारे चेहरे तासन्‌तास मिळतील आणि मध्ये जोडायला वाचनालयाची एकही रिकामी खोली मिळणार नाही. फिल्मच्या काळात कामाची प्रत कापून जोडली जाई आणि सर्व पक्के झाल्यावरच मूळ निगेटिव्हला कात्री लागे. आता दाविंची रिझॉल्व्ह, प्रीमियर प्रो किंवा फायनल कट प्रो यांत मूळ चित्रणाला धक्काच लागत नाही. कोणता तुकडा कोठून कोठपर्यंत घ्यायचा याची यादी तेवढी बदलत राहते. दाविंचीची मोफत आवृत्ती तुम्हाला पुरेशी आहे. ज्येष्ठ सभासदांच्या न वापरलेल्या मुलाखती पुसून टाकू नका, त्या वाचनालयाच्या दप्तरात ठेवा. छायाचित्रांनाही तोच नियम: मूळ स्कॅन वेगळा जपून प्रतीवर गिंप किंवा फोटोशॉपमध्ये काम करा आणि जुने चेहरे ‘स्पष्ट’ करून देणाऱ्या ॲपच्या नादी लागू नका, ती चेहराच नवा काढतात.

तालुका_ग्रंथपाल

सर्वांचे आभार. समितीपुढे पुढील प्रस्ताव ठेवत आहे: गावातील निवृत्त प्राचार्य संपादक, भाषासंपादन एका शिक्षिकेकडे, मुद्रितशोधन बाहेरगावच्या व्यावसायिकाकडे, मोडीसाठी जिल्ह्याच्या ठिकाणचे जाणकार, आणि वर्डमधील अंतिम प्रत पाने लावायला गेल्यानंतर त्या प्रतीला कोणीही हात लावायचा नाही. श्रीलिपीची एक फाइल परिवर्तित करून पाहिली. ‘निर्मिती’ खरोखरच अडखळली. आता दोन शंका उरल्या आहेत. पाने लागल्यावर चुका सापडल्या तर त्या कोठे दुरुस्त करायच्या? आणि एवढ्या सर्वांची नावे मुखपृष्ठावर कशी मावायची?

शाईपेन

दुरुस्त्या छापील मुद्रितावर लाल शाईने, समासात, आणि प्रत्येक फेरीचे कागद तारीख घालून गठ्ठा बांधून ठेवायचे. इनडिझाइनमध्ये त्या फक्त पाने लावणाऱ्यानेच करायच्या आणि पुढच्या फेरीत मुद्रितशोधकाने आधी जुन्या खुणा झाल्या आहेत का ते पाहायचे, मगच नव्याने वाचायला घ्यायचे. एक ओळ दुरुस्त केली की खालचा परिच्छेद सरकतो, म्हणून ते पूर्ण पान पुन्हा वाचावे लागते. मुखपृष्ठावर फक्त संपादकांचे नाव द्या. बाकीच्यांची नावे आतील श्रेयपानावर कामाच्या उल्लेखासह येऊ द्यात, लिप्यंतरकाराचे नाव मात्र इतिवृत्तांच्या पहिल्या पानावरही छापा, कारण तेथील प्रत्येक वेलांटीची जबाबदारी त्यांची आहे. रात्रपाळी यांनी सुचवलेली संकेतांची यादी याच आठवड्यात लेखकांना पाठवा, लेख येऊ लागल्यावर ती कोणी वाचत नाही.